मुखाकडून उगमाकडे

वैतरणेला कोणी युरोपीय शोधक लाभला नाही. नाईलच्या उगमावरून बर्टन आणि स्पीक एकमेकांचे वैरी झाले. काँगोच्या मुखाशी १४८२ च्या सुमारास दियोगो कांव या पोर्तुगीज दर्यावर्दीने दगडी स्तंभ रोवला. झांबेझीवरच्या धबधब्याला लिव्हिंग्स्टनने १८५५ साली आपल्या राणीचे नाव देऊन टाकले, आणि अमेरिकेतली हडसन नदी तर आजही तिच्यात गलबत घालणाऱ्या माणसाच्या नावानेच ओळखली जाते. उत्तर कोकणातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून निघून, मोखाडा, शहापूर आणि वाड्याच्या मुलखातून उतरत, पिंजाळ, देहर्जे, सूर्या आणि तानसा यांचे पाणी पोटात घेऊन ती सुमारे दीडशे किलोमीटरनंतर अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी पोर्तुगीज दोन शतके ठाण मांडून होते, त्यानंतर इंग्रज सव्वाशे वर्षे होते. तरी तिला ना लिस्बनचे नाव चिकटले ना लंडनचे. यावरून दोन सोपे निष्कर्ष काढता येतात. एक, त्यांना या नदीत रस नव्हता. दुसरा, आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते, त्यांनी फक्त लुटले. पहिला निष्कर्ष कागदपत्रांपुढे टिकत नाही. दुसरा ऐकायला बरा वाटतो, पण अर्धाच खरा आहे. माझे म्हणणे असे की या नदीवर प्रत्येक सत्तेने स्वतःचे काम जिथवर होते तिथवरचीच नदी ओळखली आणि तेवढीच लिहून ठेवली. नवे नाव देण्याची ताकद इथे शोधकाच्या हाती कधी आलीच नाही. ती आली पाणी अडवणाऱ्याच्या हाती, आणि तीही फार उशिरा.

या किनाऱ्यावरच्या नद्यांचा सर्वांत जुना आणि पक्का लेखी पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आपल्या दानधर्माची यादी कोरवून घेतली. त्या यादीत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चालू केल्याचा उल्लेख येतो. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हे ओळखायला फारशी विद्वत्ता लागत नाही. पोर्तुगीज जहाज या पाण्यात दिसण्यापूर्वी चौदाशे वर्षे ही नावे दगडात होती, आणि ती कशासाठी होती हे अधिक महत्त्वाचे. ही पुराणातली पुण्यनद्यांची यादी नव्हे. दमणकडून डहाणूकडे किनाऱ्याने चालत येणारा व्यापारी, भिक्षू किंवा यात्रेकरू ज्या ज्या पाण्यापाशी अडत असे त्या पाण्यांची ही यादी आहे. नदी इथे नावाड्याच्या दृष्टीने पाहिली आहे, आडवी ओलांडायची म्हणून. त्याच लेखात शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, येते; पण सोपाऱ्याच्या उत्तरेला अगदी लागून असलेली वैतरणा मात्र येत नाही. आपल्या नदीच्या अभिमानापोटी हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कदाचित तिथला तर दुसऱ्या कोणाच्या धर्मादायात असेल, कदाचित वाट आतून जात असेल. यादीत नाव नाही याचा अर्थ नदीला नाव नव्हते असा होत नाही. त्या दात्याचे काम तिथे नव्हते, एवढाच होतो.

त्याच शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने आपल्या भूगोलात सोपारे आणि चौल यांच्यामध्ये दोन नदीमुखे लिहिली. त्यांपैकी गोआरिस नावाची नदी म्हणजे वैतरणा, असे एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी मानले. मला हे मत लंगडे वाटते. टॉलेमी उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि गोआरिसचे मुख सोपाऱ्यानंतर सांगतो. वैतरणेचे मुख तर सोपाऱ्याच्या उत्तरेला आहे. यावर असे म्हणता येईल की त्याचे आकडे खलाशांच्या ऐकीव माहितीवर बेतलेले होते, तेव्हा क्रम थोडा इकडेतिकडे होणारच. मान्य. पण क्रमच विश्वसनीय नसेल तर त्या क्रमाच्या आधारे केलेली ओळख तरी कशी विश्वसनीय ठरणार? टॉलेमीकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. त्यानेही फक्त मुखे नोंदवली. समुद्रावरून आलेल्या माहितीत नदी म्हणजे किनाऱ्यातली एक फट, आत शिरण्याची जागा. ती पुढे कुठून येते याच्याशी त्या माहितीला देणेघेणे नाही. पुढची पंधराशे वर्षे परदेशी कागदांत ही सवय टिकली.

पोर्तुगीजांना नावे देण्याचा कंटाळा होता, असे कोणी म्हणणार नाही. १४९८ च्या जानेवारीत वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या मोझांबिकमध्ये, एका नदीत शिरला आणि तिला त्याने शुभशकुनांची नदी असे नाव दिले. ते नाव अजून चालू आहे. त्याच वर्षी, त्याच जहाजांवरून हा माणूस हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला आणि इथे त्याने एकाही मोठ्या नदीला टिकाऊ नाव दिले नाही. मोझांबिकच्या नदीला तिथल्या लोकांनी दिलेले नाव नव्हते, असे नाही, नक्कीच असणार. फरक पडला तो त्याच किनाऱ्यावर पुढे मालिंदीला. तिथे त्याने वाटाड्या घेतला, आणि वाटाड्या जहाजावर चढला की त्याच्याबरोबर बंदरांची नावेही चढतात. ज्याच्या भरवशावर जहाज हाकायचे त्याचे शब्द बाजूला ठेवून स्वतःचे शब्द वापरणे म्हणजे खडकावर जाऊन आदळणे. उत्तर कोकणात तर आणखी एक गोष्ट घडली. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. म्हणजे प्रदेश हाती आला तो गावांच्या आणि परगण्यांच्या नावांसकट, महसुलाच्या हिशेबासकट. पुढे वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमांव बोतेल्योने पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाची जी मोठी नोंदवही तयार केली तिच्यात वसईचा हिशेब या जुन्या विभागण्यांवरच उभा आहे. वसूल करायचा असेल तर रयत ज्या नावाने गाव ओळखते तेच नाव लिहावे लागते. उच्चार पोर्तुगीज जिभेवर वाकडे झाले, वसईचे बसईं झाले, आगाशीचे आगासईं झाले, तारापूरचे त्रापोर. पण मुळे तीच राहिली.

यावर लगेच उत्तर येईल: घारापुरीचे एलिफंटा कोणी केले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला जोड म्हणून मीच दुसरे उदाहरण देतो. वैतरणेच्या थेट मुखाशी असलेल्या अर्नाळ्याच्या बेटाला पोर्तुगीज इल्या दास व्हाकास, म्हणजे गाईंचे बेट, म्हणत. तेव्हा नाव देण्याचा प्रयत्न इथे झालाच नाही असे नाही. पण एक नाव जगभर गेले आणि दुसरे दप्तरात वाळून गेले. घारापुरी मुंबई बंदरातच आहे. तिथे चार शतके परके प्रवासी येत राहिले, एकमेकांची पुस्तके वाचत राहिले आणि तेच नाव पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. अर्नाळा १७३७ साली मराठ्यांनी घेतला, बाजीरावाच्या काळात तिथे नवा किल्ला उभा राहिला, आणि आजूबाजूचे कोळी, मांगेले, वाडवळ व भंडारी तर पहिल्यापासून अर्नाळाच म्हणत होते. परके नाव टिकायला परके वाचक सतत लागतात. ते असले तर घारापुरीसारख्या बेटाचेही नाव बदलते. नसले तर मुखाशी किल्ला असूनही बदलत नाही. वैतरणेला असे वाचक मिळाले नाहीत.

आता पोर्तुगीजांना नदीत रस होता की नव्हता, या प्रश्नाकडे येऊ. होता, आणि चांगलाच होता. पण भरतीचे पाणी चढते तिथवर. १५३८–३९ मध्ये दों जुआंव द कास्त्रो गोव्याहून दीवपर्यंत गेला आणि त्याने किनाऱ्याचे मार्गदर्शक टिपण लिहिले. मुखे, वाळूचे दांडे, पाण्याची खोली, अक्षांश हे सगळे त्याने दर्यावर्दीच्या काटेकोरपणाने टिपले. त्यानंतर दोन दशकांत, १५५९ साली दमण घेतले गेले त्याच्या आगेमागे, तारापूर, केळवे-माहीम, डहाणू आणि आत डोंगरावरचा अशेरी ही ठाणी पोर्तुगीजांच्या हाती आली. नकाशावर ही ठाणी एकापुढे एक ठेवून पाहावीत. किनाऱ्यावरची ठाणी खाड्यांच्या तोंडावर आहेत, आणि आतली मनोर व अशेरी ही बरोबर तिथे आहेत जिथे गलबताची वाट संपते आणि जंगलाची सुरू होते. मनोरच्या आसपासपर्यंत खाडीचे पाणी चढते. अशेरीच्या पायथ्याच्या रानात साग होता. आणि वसईला जहाजे बांधली जात. लाकूड तोडायचे, ओढत पाण्यापर्यंत आणायचे, ओहोटीबरोबर खाली सोडायचे, यासाठी जेवढी नदी लागते तेवढी त्यांनी ताब्यात ठेवली आणि तिच्यावर पहारा बसवला. त्याच्या वर जव्हारच्या मुकणे घराण्याचे कोळी राज्य होते. तिथले पठार, तिथून उतरणारी सूर्या आणि पिंजाळ, तिथले वारली, कोकणा आणि कातकरी यांचे पाडे हा त्यांच्या दृष्टीने धोक्याचा मुलूख होता, शोधाचा नव्हे. १६३५ मध्ये बोकारो या पोर्तुगीज बखरकाराने पोर्तुगीज किल्ल्यांचा वर्णनग्रंथ सिद्ध केला तेव्हा अशेरी आणि तारापूर त्यात आले, पण नदी आली ती किल्ल्याची शेजारीण म्हणून. ही अनास्था नाही. कामापुरती आस्था आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतले, त्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले, मे महिन्यात वसई पडली, आणि दोनशे वर्षांत जमा झालेले खाड्यांचे ते ज्ञान बहुतांशी किल्ल्यांबरोबरच निरुपयोगी झाले. मराठ्यांना त्याची गरज नव्हती; त्यांचे तांडेल याच खाड्यांतले होते.

इंग्रजांनी मात्र काही वेगळे केले, आणि इथे माझ्या मताला खरा विरोध उभा राहतो. कोणी म्हणेल: मुखे कोळ्यांना माहीत होती, मधले डोह आणि उतार वारल्यांना माहीत होते, उगम त्र्यंबकच्या यात्रेकरूंना माहीत होता, हे सगळे ठीक, पण हे तिन्ही तुकडे एकाच नदीचे आहेत हे कागदावर एका रेघेने कोणी दाखवले? मोजणी खात्यानेच ना? आणि मुख ते उगम जोडणारी रेघ काढणे हा शोध नाही तर काय? या आक्षेपातला बराच भाग मी मान्य करतो. १८१८ नंतर उत्तर कोकण इंग्रजी अमलात आले, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साखळी देशभर पसरली, १८६४ साली गुजरातकडून आलेला लोहमार्ग वैतरणेच्या खाडीवरून पूल टाकून मुंबईला पोचला. पुलाच्या अभियंत्याला पूर किती येतो हे ठाऊक असावे लागते, आणि पूर किती येतो हे कळायला वर किती मुलखाचे पाणी उतरते ते कळावे लागते. नदी प्रथमच आडवी ओलांडण्याची किंवा तोंडातून शिरण्याची गोष्ट न राहता उभी, सबंध, मोजण्याची गोष्ट झाली. हे नवे होते आणि मोलाचे होते. फक्त ‘मोजणी खात्याने’ या शब्दात जो एकच साहेब डोळ्यांपुढे येतो तो खोटा आहे. १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटिअर जेम्स कॅम्बेलच्या नावावर आहे, पण त्या ग्रंथमालेतल्या प्राचीन स्थळांच्या माहितीचा मोठा भार पंडित भगवानलाल इंद्रजींनी वाहिला. त्याच वर्षी त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. नाशिकच्या ज्या लेण्यांतल्या लेखात दाहनुका आहे तिथल्या लेखांचे वाचन करणाऱ्यांतही ते होते. म्हणजे वसाहतीच्या काळातला सर्वांत पक्का शोध हा एका देशी पंडिताने जुनी नावे पुन्हा वाचण्याचा होता. मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक धरणारे, ओढ्याचे नाव विचारल्यावर सांगणारे, रान तोडून वाट करणारे हात कोणाचे होते, हे गॅझेटिअर सांगत नाही. पण त्यातली ओढ्यांची आणि पाड्यांची शेकडो नावे आपोआप उगवलेली नाहीत.

उगमाबद्दल मात्र कोणाचेच श्रेय मान्य करण्याची गरज नाही. आफ्रिकेत उगम शोधण्यावर संस्थांनी पैसा ओतला, माणसे मेली. इथे ब्रह्मगिरीवर एका अंगाने गोदावरी आणि दुसऱ्या अंगाने वैतरणा निघते, ही धारणा त्र्यंबकच्या क्षेत्रमाहात्म्याचाच भाग आहे. पाणलोटाची रेघ म्हणजे काय, हे तिथे यात्रेकरूला भूगोलाचा वर्ग न भरवता कळत असे: एक पाणी पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. पण याच ठिकाणी आपल्या बाजूचा फुगा टोचला पाहिजे. वैतरणा हे नाव तरी या रानातले आहे का? वैतरणी ही यमलोकाच्या वाटेवरची पुराणातली नदी. ओडिशातही तिच्या नावाची मोठी नदी आहे. तीर्थांची नावे यात्रेकरूंबरोबर देशभर फिरत असत, तेव्हा त्र्यंबकच्या पुरोहितांनी हे नाव वरून खाली सोडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसे असेल तर या नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या दृष्टीने तेही बाहेरचेच नाव. मला हा तर्क पटतो, पण त्यावरून ‘म्हणजे सगळीच नावे लादलेली, मग पोर्तुगीज काय आणि पुराणिक काय’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही. लादलेले नाव आणि रुजलेले नाव यांतला फरक जन्मावरून ठरत नाही, तोंडात किती काळ राहिले यावरून ठरतो. गाईंचे बेट दोनशे वर्षांतही कोळ्यांच्या तोंडी गेले नाही. वैतरणा वारल्यांच्या तोंडी गेली.

नाव रजिस्टरात असणे आणि तोंडी असणे यांतला फरक एका जहाजाने फार क्रूरपणे दाखवला. या नदीचे नाव दिलेली एक आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरात काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. कागदोपत्री ती वैतरणा. पण तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत, आणि गुजरातीत ती आजही विजळीच आहे. (यमलोकाच्या नदीचे नाव उतारूंच्या बोटीला ठेवताना कंपनीच्या कचेरीत एकाही कारकुनाने हरकत घेतली नसेल का, हा प्रश्न मनात येतोच.)

मग नदीवर नवे नाव खरोखर कधी चढले? पाणी अडल्यावर. मुंबईची तहान विहार आणि तुळशी भागवू शकणार नाहीत हे दिसल्यावर महापालिकेचा अभियंता हेक्टर टलक याने १८७० च्या दशकात दूरच्या तानसाकडे बोट दाखवले, आणि १८९२ मध्ये तानसाचे धरण लॉर्ड लॅन्सडाऊनच्या हस्ते सुरू झाले. गंमत अशी की ऐन साम्राज्याच्या भरात बांधलेल्या या धरणालाही नदीचेच नाव राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये खुद्द वैतरणेवर मुंबई महापालिकेचे धरण झाले आणि त्याला पुढे अभियंता मोडक यांचे नाव मिळाले. त्यानंतर वर ऊर्ध्व वैतरणा आली, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणेच्या जलाशयाला बाळासाहेब ठाकरे यांचे. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी चार या एका नदीच्या खोऱ्यातले आहेत, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापल्या जाणाऱ्या त्यांच्या पातळ्या हाच बहुतेक मराठी वाचकांचा या नदीशी असलेला एकमेव संबंध. मोडक कर्तबगार अभियंता होते, त्यांच्या नावाला हरकत नाही. पण जे द गामाला आणि कास्त्रोला जमले नाही, गॅझेटिअरने केले नाही, ते पाणीपुरवठा खात्याने सहज केले, हे नोंदवायलाच हवे. उपनद्यांचे तेच. सूर्येवर धामणीचे धरण झाले ते डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या शेतांसाठी. पुढे तिचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे निघाले. खाली बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिला नाव तारापूरचे. अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, त्यालाही तारापूरचेच. मासळी आणि गलबतांच्या एका जुन्या बंदराचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर गेले, आणि जिथे रोज हजारो कामगार रेल्वेतून उतरतात ते बोईसर फलाटाच्या पाटीवर राहिले.

या कारणाने पुढील प्रकरणे उगमापासून सुरू होत नाहीत. नदीचे चरित्र उगमापासून सांगण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती सुंदरही आहे, पण वैतरणेचे कागद त्या दिशेने लिहिले गेलेले नाहीत. ते मुखापासून वर चढतात: आधी तर आणि बंदर, मग सागाचे लाकूड, मग पूल, मग धरण. म्हणून पहिले प्रकरण अर्नाळा-दातिवऱ्याच्या पाण्यात आहे, मनोरला भरती संपते तिथे पोर्तुगीज कागद संपतात, आणि त्र्यंबकचा डोंगर येतो तो शेवटी. वाटेत जिथे कागद गप्प आहेत, विशेषतः वाडा आणि मोखाड्याच्या मधल्या टप्प्यात, तिथे पाड्यांतून मिळालेली डोहांची, उतारांची आणि ओढ्यांची नावे जशी ऐकली तशी दिली आहेत; ती सरकारी नकाशातल्या नावांशी जुळत नसतील तर दोन्ही ठेवली आहेत.